परदेशातल्या मिशन शाळेत लहान मुलांना शिकवायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन देशांतल्या दोन मिशन शाळांमध्ये मिळून मी सात वर्षं बालवर्ग ते दुसरीपर्यंतची मुलं शिकवली. परत आल्यापासून लोक मला जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या.

मिशन शाळा म्हणजे नक्की कसली शाळा?

हे आधी विचारून घ्या. या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या शाळा येतात, आणि कित्येकांना ते तिथे पोचल्यावर कळतं.

पहिली, मिशनरींच्या स्वतःच्या मुलांची शाळा. आईवडील परक्या देशात दवाखाना, भाषांतर, शेती, मंडळी (म्हणजे चर्च) अशा कामात असतात. त्यांची मुलं पुढे मायदेशी कॉलेजला जाऊ शकतील असा अभ्यासक्रम या शाळांत असतो. केनियातल्या किजाबेची रिफ्ट व्हॅली अकॅडमी १९०६ची. तिच्या जुन्या मुख्य इमारतीची कोनशिला १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली होती. पूर्व आशियातल्या अशा शाळा मात्र बऱ्याचशा एकाच काळातल्या आहेत: जपानची ख्रिश्चन अकॅडमी १९५०, तैवानची मॉरिसन अकॅडमी १९५२, फिलिपिन्सची फेथ अकॅडमी १९५७. महायुद्ध संपलं, १९४९ नंतर चीनमधून मिशनरींना बाहेर पडावं लागलं, ती कुटुंबं आसपासच्या देशांत पांगली आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला.

दुसरी, मिशनने किंवा तिथल्या मंडळीने स्थानिक मुलांसाठी चालवलेली शाळा. अभ्यासक्रम त्या देशाच्या सरकारचा, मुख्याध्यापक तिथलेच, बहुतेक शिक्षक तिथलेच. तुम्ही तिथे पाहुणे.

पहिल्या प्रकारच्या शाळेत माझ्या वर्गात चौदा मुलं होती, दुसऱ्या प्रकारच्या शाळेत बासष्ट. पहिलीत गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट, दुसरीत चार मुलांत एक वाचनपुस्तक. दोन्हीकडे माझं पद एकच: ‘प्राथमिक शिक्षिका’.

मी ख्रिस्ती नाही. मला घेतील का?

मिशनरींच्या मुलांच्या शाळेत जवळजवळ नाहीच. तिथे अर्जाबरोबर विश्वासाची कबुली लिहून द्यावी लागते, पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं पत्र लागतं आणि मुलाखतीत श्रद्धेबद्दल थेट प्रश्न येतात. स्थानिक मुलांच्या शाळांमध्ये दुसऱ्या धर्माचे शिक्षक मी पाहिले आहेत, पण सकाळच्या उपासनेला हजर राहणं त्यांच्याही करारात होतं. करार सही करण्याआधी नीट वाचा. पटत नसेल ते ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडू नका. लहान मुलांना ढोंग चटकन कळतं आणि ते चारचौघांत मोठ्याने विचारतात.

ख्रिस्ती असाल तरी एक सांगते. रविवारच्या शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकवण्याचा अनुभव चांगलाच, पण तो सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्याचा अनुभव नव्हे. श्रद्धा आहे म्हणून शिकवता येईल या भरवशावर आलेले लोक मी सहामाहीतच थकलेले पाहिले आहेत.

पात्रता काय लागते?

पदवी आणि शिक्षणशास्त्राची पदवी किंवा पदविका. बालशिक्षणातली असेल तर उत्तम. अमेरिकी धर्तीच्या शाळा आपल्या शिक्षकांकडून असोसिएशन ऑफ ख्रिश्चन स्कूल्स इंटरनॅशनल या १९७८ साली सुरू झालेल्या संस्थेचं प्रमाणपत्रही मागतात. त्यात पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या अभ्यासाचा भाग असतो आणि तो नोकरीत असतानाही पुरा करता येतो.

पगार किती?

स्थानिक शाळेत असला तर तिथल्या शिक्षकांइतका. मिशनरींच्या मुलांच्या शाळेत पुष्कळदा शून्य, आणि ही छापण्यातली चूक नाही. तुम्ही एखाद्या मिशन संस्थेमार्फत जाता आणि तुमचा खर्च तुम्ही स्वतः उभा करता: मंडळ्या, नातेवाईक, मित्र, ओळखीचे, जे दरमहा काही देण्याचं कबूल करतात. विमा, प्रवास, राहणं, संस्थेच्या कार्यालयाचा वाटा, सगळं त्यातच. कबूल झालेली रक्कम ठरलेल्या आकड्याला पोचेपर्यंत संस्था तिकीट काढू देत नाही.

ही रीत जुनी आहे. इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा कुणालाही ठरलेला पगार नव्हता आणि कुणापाशी पैसे मागायचे नाहीत असाही दंडक होता. आता मागावे लागतात, एवढाच फरक. मला ते मागणं जड गेलं. पत्र लिहून पाठवताना हात आखडायचा. पण ज्यांनी पैसे दिले त्यांनी सात वर्षं माझ्या मुलांची नावं लक्षात ठेवून चौकशी केली, हेही खरं.

करारात एक ओळ शोधा: मध्येच देणग्या कमी पडल्या तर काय? शाळा थोडे दिवस सांभाळून घेते की परतीचं तिकीट हातात देते? मी पहिल्या वेळी हे विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी दोन मोठे देणगीदार थांबले आणि चार महिने मी बचत मोडून काढले.

कागदपत्रांचं काय?

वेळ खाणारी गोष्ट हीच. पदव्यांवर अपॉस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. ही १९६१च्या हेग कराराची सोय आहे. तुमचा देश आणि तो देश दोन्ही त्या करारात असतील तर एका शिक्क्यावर भागतं, नाहीतर वकिलातीच्या फेऱ्या. यादी बदलत राहते. चीन २०२३च्या नोव्हेंबरात आत आला, कॅनडा २०२४च्या जानेवारीत. जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलिसांचा दाखला लागतो. पिवळ्या तापाची लस बऱ्याच आफ्रिकी देशांत सक्तीची आहे. तिचा दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवशी लागू होतो आणि २०१६पासून आयुष्यभर चालतो. विमानाच्या आदल्या आठवड्यात टोचून घेतलीत तर सीमेवर अडाल.

व्हिसा पर्यटकाचा चालेल का?

नाही. शाळेने ‘सगळे असंच येतात’ म्हटलं तर ती शाळा सोडून द्या.

मुलांशी कुठल्या भाषेत बोलायचं?

मिशनरींच्या मुलांच्या शाळेत इंग्रजी, पण अर्ध्या वर्गाच्या घरी ती नसते. कोरियन, जर्मन, पोर्तुगीज, तिथली स्थानिक भाषा, काही घरांत दोन-तीन एकदम. स्थानिक शाळेत खालच्या वर्गांत मातृभाषेत शिकवायचं की थेट इंग्रजीत, हा वाद प्रत्येक देशात पेटता असतो. युनेस्कोने १९५३ मध्येच मातृभाषा हे सुरुवातीच्या शिक्षणाचं सर्वांत चांगलं माध्यम असल्याचं म्हटलं. फिलिपिन्सने २०१३च्या कायद्याने तिसरीपर्यंत मातृभाषा आणली आणि २०२४ मध्ये ती सक्ती काढून घेतली. तुम्ही बाहेरचे. वादात पडू नका, पण स्वतः तिथली भाषा शिकायला घ्या.

मराठी माणसाला यात दोन गोष्टी आयत्या मिळतात. पहिली बाराखडी. स्वाहिली लिहितात रोमन लिपीत, पण जशी बोलतात तशी, आणि मुलांना शिकवतात ती बा-बे-बी-बो-बू अशीच. माझ्या शेजारच्या वर्गातून हा घोष ऐकला तेव्हा क्षणभर कुठे आहे तेच कळेना. त्यात बाबा म्हणजे बाबाच आणि गारी म्हणजे गाडी, मग परकेपणा निम्मा संपतो.

दुसरी गोष्ट इंग्रजी वाचन शिकवताना कामी येते. ध्वनींवरून वाचायला शिकवण्याच्या एका चांगल्या रूढ पद्धतीत सुरुवात ए-बी-सी-डीने होत नाही. आधी येतात एस, ए, टी, आय, पी, एन यांचे नुसते आवाज, कारण या सहांतून सॅट, पिन, टॅप, नॅप असे पुष्कळ शब्द लगेच जुळतात. चूक इथे होते की आपण ‘स’ म्हणतो, ‘ट’ म्हणतो, त्यात दडलेला ‘अ’ सोडत नाही. मग मूल ‘टअ-ॲ-पअ’ म्हणतं आणि शब्द काही केल्या जुळत नाही. अक्षराचा पाय मोडायचा: स्, ट्, प्. माझ्या इंग्रज सहकारी बाईंना हे समजावायला दहा मिनिटं लागायची. तुम्हाला एका हलन्ताच्या खुणेत कळलं.

एक मूल महिनोन्‌महिने तोंडच उघडत नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. नव्या भाषेत पडलेलं लहान मूल आधी नुसतं ऐकतं. काही आठवडे, काही महिने. सांगितलेलं करत असेल, खेळात सामील होत असेल, चित्रावर बरोबर बोट ठेवत असेल, तर आत काम चालू आहे. ‘बोल ना, एकदा तरी बोल’ असा लकडा लावू नका आणि चारचौघांत उभं करू नका.

माझ्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी सप्टेंबरात आली. जानेवारी उजाडला तरी एक शब्द नाही. मी घाबरून तिच्या आईला दोनदा बोलावलं. आई म्हणाली, घरी ती तुमची नक्कल करते, खडू आपटण्यासकट. एका सकाळी पेन्सिली वाटायची पाळी तिची होती आणि मी विसरून दुसऱ्या मुलाच्या हातात डबा दिला. मागून खणखणीत आवाज आला, संपूर्ण वाक्यात: आज माझा नंबर आहे, तुम्ही तक्ता बघितला नाहीत. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मी तक्ता बघितला, तिला डबा दिला आणि काही विशेष घडल्यासारखं दाखवलं नाही. ते फार अवघड गेलं.

हाच गप्पपणा मातृभाषेतही असेल, घरीही असेल, तर मात्र आईवडिलांशी बोलून तज्ज्ञाला दाखवा.

नावांचं काय करू? मला उच्चारच येत नाहीत.

पहिल्या दिवशी आईकडून किंवा वडिलांकडून उच्चारून घ्या, देवनागरीत लिहून ठेवा, घरी म्हणून बघा. देवनागरीत जवळजवळ काहीही बसतं. ‘सोपं’ टोपणनाव देऊ नका. पूर्वी काही मिशन शाळांत दाखल होताना मुलांना नवं ख्रिस्ती नाव मिळायचं. त्या आठवणी घराघरांत अजून आहेत आणि टोपणनाव ठेवणाऱ्या नव्या बाईंकडे आजी लोक वेगळ्या नजरेने बघतात.

दिवस कसा असतो?

सकाळी गोल बसून प्रार्थना, गाणं, हवामान आणि वार. मग वाचन, मग अंकगणित, मधली सुट्टी, पवित्र शास्त्राची गोष्ट, दुपारी हस्तकला किंवा खेळ. आठवड्यातून एकदा सगळ्या शाळेची उपासना. बासष्ट मुलांच्या वर्गात यातलं निम्मंच होतं. तिथे मी वर्गाचे चार गट केले होते. एक गट माझ्यापाशी, बाकी तीन गट बाटल्यांची झाकणं मोजणं, वाळूत अक्षरं गिरवणं आणि जोडीने वाचणं यांत. नीट बसायला दीड महिना लागला.

गोष्ट सांगायला फ्लॅनेलचा फळा अजून चालतो: कापडावर कापडाची चित्रं चिकटवायची. नोहाचं तारू आणि योनाचा मासा यांना पर्याय नाही. वीज गेली तरी हा फळा बंद पडत नाही.

धर्म शिकवताना मर्यादा कुठे?

तीन मर्यादा आहेत. पहिली त्या देशाच्या कायद्याची. नेपाळच्या २०१५च्या राज्यघटनेतल्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि दोषी परदेशी असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर रवानगी. इतर काही देशांतही असे कायदे आहेत. जाण्याआधी वाचा, मिशनच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

दुसरी आईवडिलांची. १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १४ मुलाचं विचार आणि धर्माचं स्वातंत्र्य मान्य करतं आणि त्यात वाट दाखवण्याचा आईवडिलांचा हक्कही. स्थानिक शाळेत मुस्लिम किंवा इतर घरची मुलं असतात. आईवडिलांनी ती चांगल्या शिक्षणासाठी पाठवलेली असतात, आणि शाळा ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक असतं. तरी गोष्ट सांगणं वेगळं आणि पाच वर्षांच्या मुलाला ‘घरी जाऊन आईला सांग’ म्हणणं वेगळं. दुसरं मी कधी केलं नाही. एका सहकाऱ्याने केलं आणि त्याची भरपाई करायला मुख्याध्यापकांना तीन घरी जाऊन बसावं लागलं.

तिसरी मर्यादा वयाची. या वयाचं मूल बाई सांगतील त्याला हो म्हणतं. त्या होकाराचा आकडा करून देणगीदारांच्या पत्रात घालू नये. हे माझं मत, सगळ्या संस्थांचं नाही.

गंमत म्हणजे बालवाडीवरच एकदा नास्तिकपणाचा आरोप झाला होता. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनी १८३७ मध्ये सुरू केलेल्या किंडरगार्टनवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये त्याच कारणाने बंदी घातली. आज गाणी आणि ठोकळ्यांशिवाय एकही मिशन बालवर्ग दिसणार नाही.

इतर शिक्षक मुलांना छडी मारतात. मी काय करू?

आधी कायदा माहीत करून घ्या. केनियात २००१पासून शाळेत मारायला बंदी आहे, आणखी पुष्कळ देशांत आहे. तरी छडी कोपऱ्यात दिसेल. पहिल्या आठवड्यात भाषण देऊ नका. स्वतःच्या वर्गात मारू नका आणि वर्ग शांत ठेवून दाखवा. मग लोक विचारायला येतात. इजा होईल असं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी लेखी कळवा, ओळख बघू नका.

वसतिगृहात लहान मुलं असतात का?

आता क्वचित. पूर्वी सहा वर्षांची मुलंही असत. चीनमधली मिशनरींच्या मुलांची चीफू शाळा १८८१ मध्ये निघाली आणि तिथली मुलं आईवडिलांना वर्षातून एखाद्या वेळी, कधी त्याहूनही उशिरा भेटत. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ही शाळा शिक्षकांसकट नजरकैदेत टाकली. १९४३पासून ती वेइशियनच्या छावणीत होती आणि वर्ग तिथेही भरत होते. छावणीतल्या मुलांना शिकवणाऱ्यांत १९२४च्या ऑलिंपिकमधले ४०० मीटरचे विजेते एरिक लिडल होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते तिथेच वारले. शिक्षकांनी तिथे जे केलं त्याला तोड नाही.

पण वसतिगृहांची दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी मुलांवर अत्याचार झाले, वर्षानुवर्षं दडपले गेले, आणि ती मुलं मोठी होऊन बोलल्यावर मिशन संस्थांना चौकश्या बसवाव्या लागल्या. म्हणून आज चांगल्या शाळेत बालसुरक्षेचं लेखी धोरण असतं: बंद दाराआड मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, तक्रार कुणाकडे करायची ते नाव भिंतीवर. मुलाखतीत हे धोरण मागा. ‘आपण सगळे एकाच कुटुंबातले’ असं उत्तर आलं तर जाऊ नका.

मिशनरींची मुलं वेगळी असतात का?

हट्ट, भांडणं, पडलेले दात, सगळं तसंच. फरक एका साध्या प्रश्नाला कळतो. ‘तुमच्या घराचं चित्र काढा’ म्हटलं तर एक मुलगा मला म्हणाला, ‘कुठलं?’ वर्गात आणखी तीन हात वर गेले, त्यांनाही तेच विचारायचं होतं.

१९५०च्या दशकात रूथ हिल यूसीम या समाजशास्त्रज्ञ भारतातल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. आईवडिलांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी आणि दोन्हींच्या मधे तयार झालेली तिसरी, असं त्यांना दिसलं. या मुलांना ‘थर्ड कल्चर किड’ हे नाव त्यांनीच दिलं. नाव उपयोगी आहे, पण वर्गात उपयोगी पडलं ते एवढंच: ‘तू कुठला?’ हा प्रश्न मी विचारायचं सोडलं. ‘तू कुठे कुठे राहिलास?’ म्हटलं की मुलं थांबत नाहीत.

या वर्गात सतत कुणीतरी जात असतं. आईवडील रजेवर वर्षभर मायदेशी जातात, बदली होते, व्हिसा संपतो. सातव्या वर्षापर्यंत मुलाने चार-पाच जिवलग मित्र गमावलेले असतात. नवं मूल आलं की जुनी मुलं आधी विचारतात, ‘तू किती दिवस आहेस?’ हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न मला कुणी विचारला की मी जरा कडक होते.

एक वर्षासाठी गेले तर चालेल का?

लहान मुलांच्या वर्गात, माझ्या मते, नाही. पहिल्या वर्षात तुम्ही शिकता, मुलं तुम्हाला सांभाळून घेतात. दोन वर्षं तरी द्या, आणि काही झालं तरी वर्षाच्या मध्ये सोडू नका. सहा आठवड्यांचे स्वयंसेवक येतात, मुलं त्यांच्या गळ्यात पडतात, फोटो निघतात, ते जातात. पुढच्या आठवड्यात अंथरूण ओलं करणारी मुलं आणि कारण नसताना चावणारी मुलं आम्ही सांभाळायचो. वेळ थोडाच असेल तर ग्रंथालय लावून द्या, शिक्षकांना प्रशिक्षण द्या, वर्ग घेऊ नका.

निघताना मुलांना काय सांगायचं?

खरी तारीख, एक-दोन महिने आधी. ‘बघू, कदाचित परत येईन’ नको. ‘थर्ड कल्चर किड’ मुलांवर लिहिणारे डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: रुसवे मिटवणं, एकमेकांना काय आवडलं ते सांगणं, माणसांचा नि जागांचा नीट निरोप घेणं आणि मग पुढे कुठे जायचं त्याचा विचार. सहा वर्षांच्या मुलांनाही हे जमतं. आम्ही झोपाळ्याचा, नळाचा आणि वर्गातल्या पालीचाही निरोप घेतला होता.

शेवटच्या आठवड्यात पेन्सिलवाल्या मुलीने, ती तोवर दुसरीत होती, मला विचारलं, नव्या बाईंना माझं नाव नीट म्हणता येईल का? माझ्याकडची यादी देवनागरीत होती, नव्या बाई ब्राझीलच्या. दुपारी आम्ही दोघी बसलो. मी एकेक नाव म्हणायचे आणि ती ते रोमन अक्षरांत, तिच्या समजुतीप्रमाणे, लिहायची. स्वतःचं नाव तिने दोनदा लिहिलं आणि दुसऱ्याखाली रेघ ओढली.